सकाळी सापडणारं अडकलेलं लॉक: टेराफॉर्म पाइपलाइनमध्ये फोर्स-अनलॉक मारण्याआधी काय बघावं

टेराफॉर्म म्हणजे कोड लिहून क्लाउडवरची यंत्रणा उभारायचं साधन, आणि पाइपलाइन म्हणजे ते बदल आपोआप लागू करणारी कामांची साखळी. सकाळी नऊ-सव्वानऊला पहिली पाइपलाइन चालते आणि दोन मिनिटांत लाल होते, म्हणजे फसते. लॉगच्या शेवटी ठरलेलं वाक्य: 'एरर अक्वायरिंग द स्टेट लॉक', त्याखाली 'स्टेट ब्लॉब इज ऑलरेडी लॉक्ड'. कुणीतरी लॉकचा आयडी उचलतं, 'टेराफॉर्म फोर्स-अनलॉक' मारतं, पाइपलाइन पुन्हा चालवतं, ती हिरवी होते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. आठ-दहा दिवसांनी परत तेच. आमच्याकडे हे जवळपास चार महिने चाललं. खरं कारण सापडलं तेव्हा ते टेराफॉर्ममध्ये नव्हतं, पाइपलाइनमध्येही नव्हतं. हाच त्रास तुम्हाला होत असेल तर शोध कुठून सुरू करायचा आणि लॉक सोडवताना काय सांभाळायचं, ते सविस्तर लिहिते.

आधी आमची मांडणी. ऑफिस हिंजवडीत, क्लाउड अ‍ॅझ्युअर, रीजन सेंट्रल इंडिया. इन्फ्रास्ट्रक्चरचा सगळा कोड टेराफॉर्ममध्ये, स्टेट फाइल (काय काय बांधलंय याची टेराफॉर्मची नोंदवही) एका स्टोरेज अकाउंटमध्ये, आणि पाइपलाइन अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पाइपलाइन चालवणाऱ्या सेवेवर. स्टोरेज अकाउंट आणि कुबरनेटिस क्लस्टर खासगी नेटवर्कमध्ये असल्यामुळे मायक्रोसॉफ्टचे तयार एजंट (पाइपलाइनचं काम प्रत्यक्ष चालवणारे प्रोग्रॅम) तिथपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून आमचे स्वतःचे दोन एजंट आहेत, दोन लिनक्स व्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर. या दोन व्हीएम लक्षात ठेवा.

लॉक असतं ते एकाच स्टेटवर एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून. हे बहुतेकांना माहीत आहे, तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. अ‍ॅझ्युअरवर टेराफॉर्म लॉक घेतं म्हणजे स्टेटच्या ब्लॉबवर (स्टोरेजमधल्या त्या फाइलवर) लीज घेतं, म्हणजे ती फाइल आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क. ब्लॉबची लीज दोन प्रकारची असते: १५ ते ६० सेकंदांची, किंवा बेमुदत. टेराफॉर्म बेमुदत लीज घेतं, आणि ते बरोबरच आहे, कारण अप्लाय (बदल प्रत्यक्ष लागू करणं) किती वेळ चालेल हे आधी कुणाला सांगता येणार? पण याचा अर्थ असा की लॉक घेणारी प्रोसेस मध्येच मेली तर ती लीज आपोआप कधीच सुटत नाही. तासभर थांबा, आठवडाभर थांबा, ती तशीच राहते. 'थोडा वेळ जाऊ दे, सुटेल' या आशेवर आमचे दोन-तीन तास वाया गेले आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लॉकची एरर ज्या पाइपलाइनमध्ये दिसते, तिचा बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. लॉक मागे सोडून गेलेली पाइपलाइन वेगळी, आणि त्यावर आपटणारी वेगळी. आम्ही चार महिने चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. सकाळच्या पाइपलाइनचा वायएमएल (तिच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) तपासला, तिचा सर्व्हिस प्रिन्सिपल (ती ज्या खात्याने लॉगइन करते ते) बदलला, टेराफॉर्मची आवृत्ती वाढवली. ती पाइपलाइन बिचारी निर्दोष होती.

एररमध्येच सगळं लिहिलेलं असतं

लॉकच्या एररखाली 'लॉक इन्फो' नावाचा एक तुकडा छापून येतो. त्यात आयडी, पाथ, ऑपरेशन, हू, व्हर्जन आणि क्रिएटेड अशा ओळी असतात. आम्ही सगळे फक्त आयडी उचलत होतो, कारण फोर्स-अनलॉकला तेवढाच लागतो. बाकीच्या ओळी कुणी वाचतच नव्हतं. उत्तर मात्र 'हू' आणि 'क्रिएटेड' या दोन ओळींत होतं.

'हू'मध्ये युजर आणि मशीनचं नाव येतं. तिथे एजंटचं नाव असेल तर लॉक पाइपलाइनने सोडलंय. कुणाच्या लॅपटॉपचं नाव असेल तर प्रश्न वेगळा आहे, आणि सोपा आहे: त्या माणसाला फोन करा. 'ऑपरेशन'वरून प्लॅन (काय बदलेल याची नुसती यादी) चालू होता की अप्लाय, ते कळतं. प्लॅन मध्येच मेला असेल तर नुकसान जवळजवळ नसतं. अप्लाय मेला असेल तर खालचं सगळं नीट वाचा.

'क्रिएटेड' ही ओळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि आम्ही इथेच फसलो. मी एके दिवशी टीमच्या चॅटमध्ये मागे जाऊन लोकांनी चिकटवलेल्या जुन्या एरर गोळा केल्या. सहा सापडल्या. वेळा अशा: १३:०४, १३:१७, १३:०९, १३:२६, १२:५१, १३:२२. आकडे बघून आधी वाटलं, दुपारी जेवणानंतर काहीतरी होतंय. मग प्रत्येकात साडेपाच तास मिळवून कागदावर शेजारी लिहिलं: ६:३४, ६:४७, ६:३९, ६:५६, ६:२१, ६:५२. सगळ्या वेळा संध्याकाळच्या, आणि एकही सातच्या पुढची नाही.

सकाळी दिसणारा आजार दर वेळी आदल्या संध्याकाळी होत होता. तो कागद टेबलावर ठेवून शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली, तर तो बघूनच म्हणाला, "ताई, सातला काय होतं?"

सातला आमच्याकडे कंपनीची बस सुटते. वाकडच्या पुलावर अडकायचं नसेल तर लोक पावणेसातलाच बॅग भरतात. म्हणजे संध्याकाळी साडेसहाला कुणी अप्लाय सुरू केला तर त्याचा शेवट बघायला तो माणूस बहुधा जागेवर नसतोच. त्यामुळे हे इतके दिवस कुणाच्या डोळ्यांदेखत घडलं नव्हतं. पण बस सुटली म्हणून पाइपलाइन मरत नाही.

मग संध्याकाळच्या त्या मेलेल्या पाइपलाइनचे लॉग उघडले. त्यातल्या एकात व्हीपीएन गेटवे (दोन नेटवर्क सुरक्षितपणे जोडणारं साधन) तयार होत होता. दर दहा सेकंदांनी टेराफॉर्म 'स्टिल क्रिएटिंग' छापतं, तशा ओळी लागोपाठ होत्या. शेवटची ओळ '२२ मिनिटं १० सेकंद' वर संपली होती. पुढे एररसुद्धा नाही, नुसता कोरा भाग. त्यानंतर अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्सचा संदेश: 'वी स्टॉप्ड हिअरिंग फ्रॉम एजंट', मशीन चालू आहे का आणि नेटवर्क धड आहे का ते तपासा.

हा संदेश 'नेटवर्क'कडे बोट दाखवतो म्हणून आमच्यातल्या काहींनी तो आधी पाहूनही सोडून दिला होता. जुलै महिना होता. बाहेर पाऊस कोसळत होता, ऑफिसातलं इंटरनेट दिवसातून एकदा तरी रडत होतं. शिवाय सेंट्रल इंडिया हे अ‍ॅझ्युअरचं रीजन पुण्यातच आहे. २०१५ साली चेन्नई आणि मुंबईच्या रीजनसोबत ते सुरू झालं. तेव्हा 'पाऊस, वीज, नेटवर्क' अशी साखळी मनात जुळायला वेळ लागला नाही. पण रीजनमध्ये काही बिघाड झाला असता तर आमचे बाकीचे शेकडो रिसोर्स (क्लाउडवरच्या मशीन, नेटवर्क वगैरे गोष्टी) त्याच वेळी ओरडले असते. व्हीएमच्या रिसोर्स हेल्थमध्ये काहीच नव्हतं. आणि पाऊस घड्याळ बघून सातच्या ठोक्याला येत नाही.

कारण

व्हीएमच्या अ‍ॅक्टिव्हिटी लॉगमध्ये एक नोंद रोज होती: 'डीअलोकेट व्हर्च्युअल मशीन', संध्याकाळी सात. व्हीएमच्या पानावर डावीकडे 'ऑटो-शटडाउन' नावाचा पर्याय असतो. तो दोन्ही एजंटवर चालू होता: वेळ १९:००, टाइमझोन भारताचा.

तो कुणी लावला होता तेही कळलं. एजंट रात्रभर रिकामे बसतात, त्यांचं बिल कशाला भरायचं, म्हणून वर्षभरापूर्वी एका सहकाऱ्याने पोर्टलवरून लावला होता. निर्णय योग्यच होता. तेव्हा आमचे अप्लाय पाच मिनिटांत संपायचे आणि साडेसहानंतर कुणी काही चालवत नव्हतं. ऑटो-शटडाउन बंद करण्याच्या तीस मिनिटं आधी ईमेल पाठवू शकतं, आणि पाठवतही होतं. पण ते त्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर जात होतं, आणि तो केव्हाच दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला होता.

यात मला सर्वांत खटकलेली गोष्ट सांगते. ऑटो-शटडाउन फक्त बंद करतं, सुरू करत नाही. सकाळी साडेआठला व्हीएम सुरू करणारी एक छोटी पाइपलाइन आमच्या रेपोमध्ये (कोडच्या भांडारात) होती, ती सगळ्यांना माहीत होती. म्हणजे व्हीएम सकाळी सुरू होतात हे कोडमध्ये, आणि त्या बंद कधी होतात हे पोर्टलमध्ये. टीममध्ये विचारलं असतं तर निम्म्यांनी 'रात्री कधीतरी' असं उत्तर दिलं असतं. मी रेपोमध्ये 'शटडाउन' हा शब्द दोनदा शोधला होता. काहीच न सापडल्यामुळे ती शक्यता डोक्यातून काढून टाकली होती.

आता सात वाजता नेमकं काय होतं ते बघू. व्हीएमला बंद होण्याचा इशारा मिळतो. सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सगळ्या सर्व्हिसना थांबायला सांगतं, आणि बदल केला नसेल तर नव्वद सेकंद वाट बघून उरलेल्या प्रोसेस मारून टाकतं. टेराफॉर्मला एक सिग्नल मिळाला तर ते शहाण्यासारखं थांबायचा प्रयत्न करतं: हातातलं काम आवरणं, स्टेट लिहिणं, लॉक सोडणं. पण आमच्याकडे टेराफॉर्म थेट चालत नव्हतं. ते एका शेल स्क्रिप्टच्या पोटात होतं, आणि सिग्नल शेलला मिळतो तेव्हा तो आपसूक आतल्या प्रोसेसपर्यंत पोहोचेल याची खात्री नसते. नव्वद सेकंद संपले, टेराफॉर्म मेलं, लीज तशीच राहिली.

आणि या सगळ्यात व्हीपीएन गेटवेचं काम मात्र थांबलेलं नसतं. टेराफॉर्मने अ‍ॅझ्युअरला 'हे बनव' असं सांगितलेलं असतं, अ‍ॅझ्युअर ते बनवत राहतं. व्हीपीएन गेटवे तयार व्हायला पाऊण तास किंवा जास्तही लागू शकतो. सव्वासातला तो तयार असतो, आणि स्टेटमध्ये त्याची धड नोंद नसते. मग सकाळी कुणी नुसतं लॉक तोडून अप्लाय मारला की पुढची एरर येते: या आयडीचा रिसोर्स आधीच अस्तित्वात आहे, तो टेराफॉर्ममधून सांभाळायचा असेल तर स्टेटमध्ये इम्पोर्ट करा. ही एरर आम्ही अनेकदा पाहिली होती. तिच्यासाठी वेगळं तिकीट होतं, वेगळा माणूस त्यावर काम करत होता. दोन्हींचं मूळ एकच आहे हे त्या सहा वेळा कागदावर लिहिल्यावर कळलं.

लॉक आत्ता अडकलेलं आहे, तर

सगळ्यात आधी, ज्याने लॉक घेतलं तो खरंच मेला आहे का ते पाहा. 'हू'मधलं मशीन घ्या, तिथे टेराफॉर्मची प्रोसेस चालू आहे का बघा, त्या वेळची पाइपलाइन 'रनिंग' दाखवतेय का बघा. ही पायरी कुणालाही वगळू देऊ नका. आम्ही ती वगळली होती, आणि तीही यंत्राकरवी. चार महिन्यांच्या त्रासाला कंटाळून कुणीतरी पाइपलाइनमध्ये एक स्टेप घातली होती: लॉक दिसलं तर फोर्स-अनलॉक करून पुढे जा. मीच तिला मंजुरी दिली होती.

एका मंगळवारी सकाळी नेटवर्कच्या बदलाचा अप्लाय चालू असताना दुसरं काहीतरी मर्ज झालं, म्हणजे मुख्य कोडमध्ये आलं. दुसरी पाइपलाइन सुरू झाली, तिला लॉक दिसलं, तिने ते तोडलं. या वेळी लॉक जिवंत होतं. दोन अप्लाय एकाच स्टेटवर एकाच वेळी चालले. पहिल्याचं काम संपलं तेव्हा त्याला स्टेट लिहिता आली नाही, कारण ज्या लीजच्या जोरावर तो लिहिणार होता ती आता त्याची नव्हती. अशा वेळी टेराफॉर्म शेवटचा उपाय म्हणून आपल्याजवळची स्टेट चालू फोल्डरमध्ये 'एरर्ड डॉट टीएफस्टेट' या नावाने लिहून ठेवतं. ती फाइल एजंटच्या डिस्कवर होती, आणि आमच्या पाइपलाइनमध्ये चेकआउटच्या आधी फोल्डर साफ करण्याचा पर्याय चालू होता. त्याच एजंटवर पुढचा जॉब गेला असता तर ती पुसली गेली असती. आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलाने ते ओळखलं आणि दुसरं काहीही करायच्या आधी एजंट पूलमध्ये जाऊन तो एजंट 'डिसेबल' केला. डिसेबल केलेला एजंट नवं काम घेत नाही. त्याच्या त्या एका क्लिकने आमचा दिवस वाचला.

फाइल मिळाली तरी ती सरळ परत ढकलता येईल असं नाही. 'टेराफॉर्म स्टेट पुश' आधी सिरियल नंबर (स्टेटची कितवी आवृत्ती) आणि लिनिएज (ती कुठल्या मूळ स्टेटची) तपासतं. दरम्यान दुसऱ्या अप्लायने स्टेट लिहिलेली असेल तर ते नकार देतं. तिथे 'फोर्स' लावायचा मोह होतो. लावू नका, कारण दुसऱ्या अप्लायने केलेल्या कामाची नोंद त्यात पुसली जाते. आम्ही सध्याची स्टेट 'स्टेट पुल' करून घेतली, दोन्ही फाइल शेजारी ठेवल्या, आणि पहिल्या अप्लायने बनवलेले जे तीन रिसोर्स दुसरीत नव्हते तेवढे इम्पोर्ट केले. टेराफॉर्म १.५ पासून, म्हणजे २०२३ पासून, इम्पोर्ट ब्लॉक कोडमध्येच लिहिता येतो आणि प्लॅनमध्ये दिसतो. कमांडने एकेक इम्पोर्ट करण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित, कारण अप्लायच्या आधी दुसरं कुणी ते वाचू शकतं.

त्याच दिवशी ती अनलॉकची स्टेप काढली. तुमच्या पाइपलाइनमध्ये तशी स्टेप असेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा. जिवंत लॉक आणि मेलेलं लॉक यातला फरक एररच्या ओळीवरून स्क्रिप्टला कळत नाही.

तर प्रोसेस मेल्याची खात्री झाली. आता लॉक इन्फोचा पूर्ण तुकडा कुठेतरी चिकटवा, नुसता आयडी नाही. एरर हाताशी नसेल तर ब्लॉबच्या मेटाडेटामध्ये 'टेराफॉर्मलॉकआयडी' नावाची किल्ली असते. तिची किंमत बेस-६४ मध्ये असते, उलगडली की तीच माहिती मिळते. मग सध्याच्या स्टेटची एक प्रत घ्या. स्टेटमध्ये पासवर्ड आणि किल्ल्या उघड्या मजकुरात असतात, त्यामुळे ती प्रत चॅटवर टाकू नका, पाइपलाइनच्या आर्टिफॅक्टमध्येही ठेवू नका. स्टोरेज अकाउंटवर ब्लॉब व्हर्जनिंग चालू असेल तर जुन्या प्रती तिथेच मिळतात. नसेल तर आजच चालू करा.

मग फोर्स-अनलॉक. पोर्टलवरून 'ब्रेक लीज' हा रस्ताही आहे, पण फोर्स-अनलॉक दिलेला आयडी आणि ब्लॉबवरचा आयडी जुळतो का ते बघतं, म्हणजे आपण भलतंच लॉक तोडत नाही. ब्रेक लीज काहीच विचारत नाही.

लॉक सुटल्यावर लगेच अप्लाय मारू नका, फक्त प्लॅन काढा आणि तो पूर्ण वाचा. मेलेल्या अप्लायमधले रिसोर्स तीन अवस्थांत सापडतात. काही नीट बनून स्टेटमध्ये आलेले असतात. काही स्टेटमध्ये 'टेंटेड' (बिघडलेले) म्हणून असतात, आणि प्लॅन ते पाडून पुन्हा बांधायला निघतो. व्हीपीएन गेटवेसारखा रिसोर्स अ‍ॅझ्युअरमध्ये पूर्ण, धडधाकट उभा असेल तर 'टेराफॉर्म अनटेंट' करून पाऊण तास वाचतो, पण आधी पोर्टलवर त्याची अवस्था 'सक्सीडेड' आहे हे डोळ्यांनी बघा. उरलेले स्टेटमध्ये नसतातच, ते इम्पोर्ट करायचे. रिसोर्स अजून 'अपडेटिंग' दाखवत असेल तर चहा घेऊन या. अर्धवट बनत असलेल्या गोष्टीवर दुसरा अप्लाय चालवला की गुंता वाढतो.

कायमचा बंदोबस्त

पहिला विचार आला होता की ऑटो-शटडाउन काढून टाकू. पण मग बिल वाढतं, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी पुन्हा तेच लावणार. म्हणून बंद करण्याची पद्धत बदलली.

आता संध्याकाळी सातला एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती आधी पूलमध्ये एजंट डिसेबल करते, म्हणजे नवा जॉब येत नाही पण चालू असलेला पूर्ण होतो. मग ती 'एजंट डॉट वर्कर' ही प्रोसेस शोधते. अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्सच्या एजंटच्या दोन प्रोसेस असतात: 'एजंट डॉट लिसनर' कायम चालू असते, 'वर्कर' फक्त जॉब चालू असतानाच असते. वर्कर दिसत नसेल तर मशीन बंद, दिसत असेल तर दर पाच मिनिटांनी पुन्हा बघायचं. साडेनऊपर्यंत वर्कर संपली नाही तर स्क्रिप्ट मशीन बंद करत नाही, चॅनलवर संदेश टाकते आणि माणसाची वाट बघते. सकाळी सुरू करणारी पाइपलाइन एजंट पुन्हा एनेबल करते. हे विसरलात तर सकाळी जॉब रांगेत नुसते ताटकळत बसतील.

इथे एक बारकावा. मशीनच्या आतून लिनक्सची शटडाउन कमांड दिली तर व्हीएम 'स्टॉप्ड' होते, पण तिचं बिल चालूच राहतं. बिल थांबतं ते 'डीअलोकेट' केल्यावर. म्हणून स्क्रिप्ट मॅनेज्ड आयडेंटिटी (व्हीएमची स्वतःची, पासवर्ड न लागणारी ओळख) वापरून अ‍ॅझ्युअर सीएलआयमधून डीअलोकेट करते, आणि त्या आयडेंटिटीला तेवढ्याच कामाची परवानगी आहे. स्क्रिप्ट, तिची वेळ, ती परवानगी, सगळं आता रेपोमध्ये आहे. 'शटडाउन' शोधलं की सापडतं.

ज्यांना हे सगळं स्वतः सांभाळायचं नसेल त्यांनी व्हीएम स्केल सेटवरचे एजंट बघावेत. तिथे मशीन वाढवणं-कमी करणं अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स स्वतः करतं, आणि जॉब चालू आहे की नाही हे त्याला माहीत असतं. आम्ही पुढच्या तिमाहीत तिकडे जाणार आहोत.

बाकी बदल छोटे. शेल स्क्रिप्टमध्ये टेराफॉर्मच्या आधी 'एक्झेक' लावलं, म्हणजे शेलची जागाच टेराफॉर्म घेतं आणि सिग्नल थेट त्याला मिळतो. 'लॉक-टाइमआउट' दहा मिनिटांवर ठेवला. तो मुळात शून्य असतो, म्हणून लॉक दिसताक्षणी पाइपलाइन लाल होते, खरं तर दुसऱ्याचं काम तीन मिनिटांत संपणार असतं. अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्सच्या एन्व्हायर्नमेंटवर 'एक्सक्लुझिव्ह लॉक' लावलं आणि वागणूक 'सीक्वेन्शियल' केली. काही सांगितलं नाही तर ते 'रनलेटेस्ट' धरतं, म्हणजे रांगेतली मधली रन रद्द करून शेवटची तेवढी चालवतं. अ‍ॅप डिप्लॉयमेंटला ते ठीक, इन्फ्राला नाही.

आमच्यात बायसेपवर (मायक्रोसॉफ्टच्या अशाच एका साधनावर) जायची चर्चाही झाली. बायसेपला अशी स्टेट फाइल नसते, लॉकही नाही, आणि डिप्लॉयमेंट अ‍ॅझ्युअरच्या आतच चालत असल्यामुळे एजंट मेला तरी काम पूर्ण होतं. मुद्दा खरा आहे. नवं आणि निव्वळ अ‍ॅझ्युअरवरचं काम असेल तर मी त्याचा विचार नक्की करीन. पण चालू असलेला एवढा कोड एका ऑटो-शटडाउनपायी बदलणं मला पटलं नाही.

तुमच्याकडे सातचा आकडा नसेल तर

लॉकच्या वेळा कशाही विखुरलेल्या असतील तर एवढ्या जागा बघा.

नवं पुश आलं की जुनी रन रद्द करण्याची सोय. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये 'कॅन्सल-इन-प्रोग्रेस' चालू असेल तर चालू अप्लायला आधी थांबायचा सिग्नल जातो, साडेसात सेकंदांनी दुसरा, आणि आणखी अडीच सेकंदांनी प्रोसेस मारली जाते. दहा सेकंदांत कुठलाही गंभीर अप्लाय आवरत नाही. शिवाय टेराफॉर्मला दुसरा सिग्नल मिळाला की ते हातातलं टाकून लगेच बाहेर पडतं, डेटा गेला असू शकतो असं सांगून. अप्लायच्या जॉबवर हा पर्याय बंदच हवा. गिटलॅबवर 'रिसोर्स ग्रुप' लावा आणि अप्लायचा जॉब 'इंटरप्टिबल' ठेवू नका. जेनकिन्सवर एकाच वेळी दोन बिल्ड होऊ न देण्याचा पर्याय आहे.

जॉबची कालमर्यादा. अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्समध्ये वेगळी सांगितली नाही तर ती साठ मिनिटं धरली जाते. लॉकची 'क्रिएटेड' वेळ आणि पाइपलाइन मेल्याची वेळ यात साधारण तासाचं अंतर दिसलं तर हेच.

आणि लॅपटॉप. 'हू'मध्ये माणसाचं नाव आलं तर रागावण्याआधी त्याने तिथून अप्लाय का मारला ते विचारा. आमच्याकडे उत्तर होतं, "पाइपलाइन सकाळी लॉकमुळे चालत नाही, म्हणून." आता प्रॉडक्शनच्या स्टेटवर लिहिण्याची परवानगी फक्त पाइपलाइनला आहे.

एडब्ल्यूएसवाल्यांसाठी थोडक्यात: तिथे लॉक बहुधा डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या टेबलमध्ये एका नोंदीच्या रूपात असतं, आणि तेही आपोआप सुटत नाही. टेराफॉर्म १.१० पासून एसथ्रीमध्येच (तिथल्या स्टोरेजमध्ये) लॉक फाइल ठेवता येते, १.११ पासून डायनॅमोडीबीचा मार्ग जुना ठरवला आहे. पद्धत बदलली तरी एररमधल्या 'हू' आणि 'क्रिएटेड' या ओळी तिथेही मिळतात. मुंबई रीजनवर काम असलं तरी वेळ यूटीसीच असते, साडेपाच तास मिळवा.

आमच्याकडे नवी स्क्रिप्ट लागून दोन महिने झाले. गेल्या शुक्रवारी एकाने संध्याकाळी पावणेसातला क्लस्टरचा नोड पूल बदलायला अप्लाय सुरू केला आणि बस पकडली. सोमवारी सकाळी मी एजंटचा लॉग उघडला. सातला 'वर्कर चालू, थांबते', सात-पाचला तेच, मग सात-दहा, सात-पंधरा, सात-वीस. सात-पंचविसाला 'वर्कर नाही, डीअलोकेट'. ब्लॉबच्या पानावर लीजची अवस्था 'अव्हेलेबल' होती.